आयसीयूच्या दाराबाहेर

आमच्या सोनाळा गावात माणूस अत्यवस्थ झाला की अकोला गाठावं लागतं. मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा आम्हीही तिकडेच धावलो. ते व्हेंटिलेटरवर गेले आणि ओढाताण सुरू झाली ती दाराबाहेर. सकाळी त्यांच्या थोरल्या मुलानं संमतीवर सही केली. दुपारी जावई डॉक्टरांना म्हणाले, "आम्हाला विचारल्याबिगर काही करू नका." पुण्याहून फोन आला, "पैशाकडे पाहू नका." आत्याबाईंचं एकच, "त्याले घरी न्या." शेजाऱ्याच्या आजारपणात मोठेबाबा बोलले होते, "मले असं नळ्या लावून ठेवू नका." मोठ्या आईला, त्यांच्या बायकोला, ते आठवत होतं, पण तिला कुणी विचारलंच नाही. वाद वाढला, बिल वाढलं. अखेर 'आमच्या जबाबदारीवर नेतो' अशी सही करून गाडी गावाकडे वळवली. धाप लागली तर काय द्यायचं, हे कुणी विचारून घेतलं नव्हतं. त्यांची शेवटची रात्र तळमळीत गेली.

म्हणून सांगतो. डॉक्टरांशी बोलायला पहिल्याच दिवशी एक माणूस ठरवा. तो वयानं मोठा नसला तरी चालेल. ऐकलेलं सगळ्यांना जसंच्या तसं सांगणारा हवा.

"वाचतील का?" एवढ्यावर थांबू नका. वाचले तर उठतील का, ओळखतील का? गुण येतो की नाही हे कधी पाहायचं, नाही आला तर पुढं काय? हे आधीच विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे. कागदपत्रं मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हवीत.

कायदाही माहीत असू द्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीनं कुणी ठरवायचं, त्यांची नावंही त्यात लिहिता येतात. असा कागद नसला, तरी बरं होण्याची आशा संपलेल्या रुग्णाचं यंत्र घरच्यांच्या संमतीनं काढता येतं. त्याआधी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळं प्रकरण तपासतात. यंत्र काढलं तरी वेदना आणि धाप कमी करणारे उपचार चालूच राहतात. घरी न्यायचंच ठरलं, तर ती औषधं कोण, कशी देणार, हे लिहून घ्या.

आणि घरातल्या थोरांना ते धडधाकट असतानाच विचारा. सगळी लेकरं, सुना, जावई समोर बसवून विचारा, म्हणजे उद्या त्यांचं म्हणणं एकट्या बाईच्या आठवणीवर राहणार नाही.