नदी ओलांडण्याची उदाहरणे : सापेक्ष वेगाचा एक पाठ

पाठाचे प्रयोजन

प्रवाहाबरोबर व प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावेची उदाहरणे अंकगणितात पूर्वापार चालत आलेली आहेत. पहिल्या प्रकारात दोन वेगांची बेरीज आणि दुसऱ्यात वजाबाकी करावयाची, हा नियम मुले सहज पाठ करतात. परंतु नाव ऐलतीराहून पैलतीरास जाऊ लागली, की हाच नियम त्यांची फसगत करतो. नावेचा वेग ५० व प्रवाहाचा ३० असेल, तर कोणी ८० म्हणतो, कोणी २०. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. वेगाला परिमाणाप्रमाणे दिशाही असते, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसलेली नसणे हेच या चुकीचे मूळ होय. सातवी-आठवीच्या मुलांना ही कल्पना कशी द्यावी, याचे दिग्दर्शन पुढे केले आहे.

प्रत्यक्ष प्रयोग

सूत्र सांगण्यापूर्वी प्रयोग करावा. टेबलावर वेष्टणाचा एक लांब कागद पसरावा. टेबल म्हणजे जमीन व कागद म्हणजे पाणी, असे मुलांस सांगावे. खडूच्या लहान पेटीला नाव समजून ती एका मुलाने कागदाच्या रुंदीच्या दिशेने सरळ सरकवावी. दुसऱ्याने त्याच वेळी कागद लांबीच्या दिशेने ओढावा. शिक्षकाने टाळी वाजवावी. प्रत्येक टाळीस पेटी कागदावर पाच बोटे व कागद टेबलावर तीन बोटे पुढे जावा. पेटीसोबत पेन्सिल धरली असता कागदावर सरळ आडवी रेघ उमटते. परंतु टेबलाच्या कडेवरून पाहणाऱ्यास पेटी तिरकी गेलेली दिसते. एकच पेटी पाण्याच्या दृष्टीने सरळ व जमिनीच्या दृष्टीने तिरकी जाते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले, म्हणजे ‘सापेक्ष’ या शब्दाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

यानंतर फळ्यावर नियम लिहावा : नावेचा जमिनीसापेक्ष वेग म्हणजे नावेचा पाण्यासापेक्ष वेग अधिक पाण्याचा जमिनीसापेक्ष वेग. ही बेरीज मात्र बाणांची आहे. एका बाणाच्या टोकापासून दुसरा बाण काढावा; पहिल्याच्या आरंभापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत जाणारा बाण हे उत्तर होय. एका वेळी चालणाऱ्या दोन गतींचा असा विचार गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूंसंबंधी केला होता.

उदाहरण पहिले : नाळ सरळ समोर

नदीचे पात्र २०० मीटर रुंद आहे. संथ पाण्यात नावेचा वेग मिनिटास ५० मीटर व प्रवाहाचा वेग मिनिटास ३० मीटर आहे. नावाड्याने नावेची नाळ, म्हणजे पुढील टोक, सरळ समोर ठेवली, तर नाव केव्हा व कोठे लागेल?

पात्राच्या रुंदीच्या दिशेने प्रवाहाचा काहीच वेग नाही. म्हणून वेळ २०० ÷ ५० = ४ मिनिटे. तेवढ्या वेळात प्रवाह नावेला ३० × ४ = १२० मीटर खाली नेतो. जमिनीसापेक्ष वेग काटकोन त्रिकोणाच्या कर्णाइतका, म्हणजे सुमारे ५८.३ मीटर येतो. येथे पुष्कळ मुले २०० ला ५८.३ ने भागतात. कर्णाचा वेग कर्णाच्या वाटेलाच लागू करावयाचा असतो व ती वाट सुमारे २३३ मीटर आहे, हे दाखवावे; तसे केल्यास पुन्हा ४ मिनिटेच येतात. प्रवाह दुप्पट झाला तरी वेळ तीच राहते, फक्त नाव अधिक खाली लागते, हेही मुलांकडून काढवून घ्यावे.

उदाहरण दुसरे : बरोबर समोरचा घाट

आता नाव बरोबर समोरच्या घाटास लावावयाची आहे. त्यासाठी नाळ प्रवाहाच्या वरच्या बाजूस वळविली पाहिजे. किती, ते आकृतीने काढावे. १ सेंटिमीटर म्हणजे मिनिटास १० मीटर असे प्रमाण घ्यावे. अ या बिंदूपासून तीराला समांतर, प्रवाहाच्या दिशेने ३ सेंटिमीटरचा बाण अब काढावा. अ पासून तीराला लंब काढावा. ब केंद्र धरून ५ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढावा. तो लंबास क मध्ये छेदील. बक ही नाळेची दिशा होय. अक मोजल्यास ४ सेंटिमीटर भरते. म्हणजे समोर जाण्याचा वेग ४० मीटर व वेळ ५ मिनिटे. नाळ लंबापासून सुमारे ३७ अंश वर वळवावी लागते. घाट नेमका गाठण्याची किंमत म्हणून एक मिनिट जास्त लागते. सर्वांत कमी वेळाची दिशा आणि सर्वांत कमी अंतराची वाट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा या पाठाचा गाभा आहे.

उदाहरण तिसरे : पुराचे पाणी

प्रवाहाचा वेग ६० मीटर झाला, असे समजून तीच आकृती पुन्हा काढवावी. अब आता ६ सेंटिमीटर आहे. ५ सेंटिमीटरचा कंस लंबापर्यंत पोहोचतच नाही. नाळ कोठेही वळविली तरी ती नाव समोरच्या घाटास लागणार नाही. कंस अपुरा पडलेला मुलांनी स्वतः पाहावा. हा क्षण शिक्षकाने घाईने संपवू नये.

ज्या गावी मुलांना ओढा ओलांडून शाळेस यावे लागते, तेथे याचा अर्थ समजावून देणे अगत्याचे आहे. आपल्या पोहण्याच्या वेगाहून प्रवाह जोराचा असेल, तर निघालेल्या जागी परत येण्याची धडपड माणसाला केवळ थकविते. वाहत खाली जात असतानाही काठाकडे आडवे जाण्यात शक्ती खर्ची घालावी, हेच आकृती सांगते. परंतु आकृतीतील प्रवाह सर्वत्र सारखा मानलेला असतो; खऱ्या नदीत तो बहुधा काठाशी मंद व मध्यभागी वेगवान असतो, शिवाय भोवरे व वाहून येणारी लाकडे असतात. म्हणून पुराच्या पाण्यात उतरूच नये, हा नियम गणिताच्या वहीतही लिहवून घ्यावा.

स्वाध्याय

१. खाडीची रुंदी ३९० मीटर, होडीचा वेग मिनिटास ६५ मीटर व ओहोटीचा प्रवाह मिनिटास २५ मीटर आहे. नाळ सरळ समोर ठेवल्यास होडी किती वेळात व किती खाली लागेल? (६ मिनिटे, १५० मीटर)

२. तीच होडी बरोबर समोर लावावयाची असल्यास किती वेळ लागेल? (साडेसहा मिनिटे)

३. भरतीच्या वेळी प्रवाह तितकाच पण उलट दिशेने असेल, तर वरील उत्तरांत काय बदलेल व काय बदलणार नाही?

४. प्रवाह मिनिटास ७० मीटर झाल्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर का मिळत नाही, ते आकृती काढून सांगा.