शाळा सुरक्षित उघडायला किती लागतं? लेबनॉनचा हिशेब

४ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रातल्या शाळा उघडल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. त्यानंतर बरोबर आठवड्याने, ११ ऑक्टोबरला, लेबनॉनच्या सरकारी शाळांची घंटा वाजली. दोन्हीकडे कोरोनाची साथ तीच होती आणि मास्क, साबण, अंतर हे नियमही तेच होते. पण लेबनॉनमध्ये शाळा उघडण्याच्या दोनच दिवस आधी दोन मोठी वीजकेंद्रं इंधनाअभावी बंद पडून देशभरची सरकारी वीज गेली होती. बाजारात एका डॉलरला सुमारे २० हजार लिरा मोजावे लागत होते, सरकारी दर मात्र कागदावर अजून १,५०७ होता. दीडशे वर्षांतल्या जगातल्या सर्वांत भीषण आर्थिक संकटांमध्ये जागतिक बँकेने लेबनॉनच्या या घसरणीची गणना केली आहे. शिवाय ऑगस्ट २०२०च्या बंदरातल्या स्फोटाने बैरूत परिसरातल्या दीडशेहून अधिक शाळांची दारं, काचा, छतं उडवलेली.

अशा देशात शाळा सुरक्षितपणे उघडायची तर खर्च कुठे येतो, हे परदेशातल्या मदतकार्याला वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. आपत्तिग्रस्त भागात शाळा चालवणाऱ्या संस्थांनाही हाच हिशेब लागतो. मदतीच्या आवाहनात फोटो असतो साबणाचा नि मास्कचा, आणि खरा पैसा लागतो भलतीकडेच.

आधी साबण-पाणी मोजू. दिवसाच्या शाळेत माणशी रोज किमान ५ लिटर पाणी लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मानक सांगतं. ३०० मुलं आणि २० शिक्षक-कर्मचारी धरले तर रोजचे १,६०० लिटर, २२ दिवसांच्या महिन्याला ३५,२०० लिटर. नळाला पाणी असेल तर हा आकडा किरकोळ. पण लेबनॉनमध्ये पाणी चढवणारे पंप विजेवर चालतात आणि सरकारी वीज दिवसातून जेमतेम काही तास येत होती. म्हणजे पाण्याचा खर्च हा मुळात डिझेलचा खर्च, मग ते जनरेटरमध्ये जाळा नाहीतर टँकरमध्ये. द्रव साबण एका वेळेला २ मिलिलिटर, दिवसातून चार वेळा असा धरला तर महिन्याला साधारण ५६ लिटर लागतो. बाकं पुसायला घरगुती ब्लीच चालतं. ते ५ टक्क्यांचं असेल तर एका भागात ४९ भाग पाणी, म्हणजे लिटरभर द्रावणाला फक्त २० मिलिलिटर. एवढं पुरतं.

मास्कचा हिशेब वयावर ठरतो. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको, सहा ते अकरामध्ये त्या भागातल्या साथीचा जोर पाहून ठरवावं, बारापासून पुढे मोठ्यांचाच नियम, अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची सूचना होती. दर मुलामागे धुता येणारे दोन कापडी मास्क धरा. मुलांवर औषध फवारणारे बोगदे, वर्गात धुरळणी यांसाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. जंतुनाशक अंगावर फवारणं अपायकारक आहे, ते कोणत्याही परिस्थितीत करू नये, असं संघटनेने २०२०मध्येच बजावलं होतं. ताप मोजायच्या बंदुकीवरही फार खर्च नको. कितीतरी मुलांना संसर्ग होऊनही ताप येत नाही.

बिल खरं फुगतं ते शिक्षक शाळेपर्यंत पोचवताना.

समजा, शिक्षिकेचा महिन्याचा पगार २० लाख लिरा आहे. जुन्या दराने हे तेराशेहून अधिक डॉलर होते. ऑक्टोबर २०२१मध्ये उरले १००. त्याच महिन्यात २० लिटर पेट्रोलचा भाव ३ लाख लिरांच्या वर गेला. संकटाआधी तो २५ हजारांच्या आसपास असे. जाऊन-येऊन ४० किलोमीटरचा प्रवास, लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी आणि २० दिवस असा हिशेब केला तर ६७ लिटर लागतात. म्हणजे १० लाख लिरा, अर्धा पगार. पूर्वी याच प्रवासाला ८५ हजारसुद्धा लागत नसत. सार्वजनिक बससेवा नावापुरतीच होती, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता. सरकारी शिक्षकांनी वर्गात यायला नकार दिला, म्हणूनच सप्टेंबरअखेरची तारीख ११ ऑक्टोबरवर गेली. त्यांना बाहेरच्या मदतीतून महिन्याला ९० डॉलर देण्याची घोषणा झाली, तेव्हा कुठे गाडं हललं. ९० डॉलर म्हणजे त्या वेळचे सुमारे पावणेसात हजार रुपये. एक शिक्षक वर्गात टिकवण्याचा तेव्हाचा भाव हाच होता, आणि माझ्या मते त्या वर्षी मुलांच्या सुरक्षिततेवरचा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्चही हाच. शिक्षक कमी पडले की वर्ग एकत्र बसवावे लागतात, आणि एका बाकावर तिघे बसले की मास्क-साबणाचं मोल उरत नाही.

इथे एक सावधगिरी. असे आकडे रुपयांत फिरवून पाहण्याचा मोह होतो. तेव्हाचा लेबनॉनमधला पेट्रोलचा लिटर बाजारदराने ५६ रुपयांच्या आसपास पडत होता आणि मुंबईत तो ११०च्या वर होता! पण तिथलं तेव्हाचं महिन्याचं किमान वेतन ६ लाख ७५ हजार लिरा, म्हणजे अवघ्या ४५ लिटर पेट्रोलचं. संकटातल्या देशाचा भाव रुपयांत तोलू नका, तिथल्या मजुरीत तोला. एका मुलाला महिनाभर व्हॅनने पाठवायला बापाची किती दिवसांची कमाई जाते, हा प्रश्न विचारला की खरी किंमत दिसते.

दुसरा मोठा खर्च हवेचा. खिडक्या उघड्या ठेवणं हा या साथीतला सर्वांत स्वस्त उपाय, पण तो कोकणात स्वस्त. लेबनॉनमधल्या बेकाच्या खोऱ्यात आणि डोंगरावरच्या गावांत हिवाळ्यात बर्फ पडतं. तिथे वर्गावर्गात माझूतवर, म्हणजे डिझेलवर चालणारी शेगडी असते. खिडकी उघडी ठेवली तर शेगडी दुप्पट जळते, बंद ठेवली तर हवा कोंडते. आवाहनात डोंगराळ भागातल्या शाळेचं नाव असेल आणि इंधनाचा आकडा नसेल, तर तो हिशेब अपुरा आहे असं खुशाल समजा.

मुलांमध्ये एक मीटर अंतर ठेवायचं तर वर्ग निम्मा करून आळीपाळीने बोलवावा लागतो. त्याने पगार वाढत नाहीत, पण प्रत्येक मुलाचं शिकणं निम्म्यावर येतं आणि उरलेल्या दिवसांसाठी घरी मोबाइल, इंटरनेट, वीज लागते. हा खर्च शाळेच्या वहीत दिसत नाही. तो आईबापांच्या डोक्यावर असतो. लेबनॉनच्या शेकडो सरकारी शाळांत दुपारी सीरियन निर्वासित मुलांची दुसरी पाळी भरते. बाकं तीच, संडास तेच. अशा शाळेचं पाणी, साबण आणि सफाईची मजुरी सकाळच्या पटावर धरली तर दुपारच्या मुलांच्या वाट्याला रिकामी बाटली येते. दोन्ही पाळ्यांचा पट मागून घ्या. संडासांची संख्याही विचारा: २५ मुलींमागे एक, ५० मुलग्यांमागे एक आणि सोबत मुतारी, हे मानक आहे.

पैसे पाठवणार असाल तर सगळ्यात आधी एक गोष्ट विचारा: मदत हातात पडते ती कोणत्या चलनात आणि कोणत्या दराने? लेबनॉनमध्ये परदेशातून आलेले डॉलर बँका बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दराने लिरांत बदलून देत. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीतले किमान २५ कोटी डॉलर असे विरघळल्याचं २०२१च्या जूनमध्ये एका पत्रकारी शोधातून बाहेर आलं. म्हणून तिथला माणूस ‘फ्रेश डॉलर’ मागतो, म्हणजे बाहेरून आलेले, रोख हातात मिळणारे. संस्था फ्रेश डॉलर देत नसेल तर तुमच्या शंभरातले किती पोचतात, ते लेखी मागा.

भारतातून परदेशी देणगी पाठवायला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत परवानगी आहे. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. मात्र थेट परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०-जी खाली आयकर सवलत मिळत नाही. बँक प्रत्येक वेळी पाठवणावळ आणि चलनबदलाचं शुल्क कापते, मधली बँकही आपला हिस्सा घेते. दरमहा हजार रुपये पाठवायचे असतील तर वर्षाचे एकदम पाठवा, किंवा चारपाच घरांनी मिळून एकाच नावाने पाठवा. पावतीवर ‘शिक्षण साहाय्य’ असं मोघम न लिहिता शिक्षकांचा प्रवास, पाणी किंवा इंधन यांपैकी एक बाब नोंदवून घ्या. बहुतेक संस्थांना साबणासाठी देणगीदार सापडतात, डिझेलसाठी सापडत नाहीत.