आजीची वांगी, कपाट आणि एक टायमर

वांग्याच्या रोपाचा आणि मेकॅनिकल इंजिनीअरिंगचा काय संबंध? यंदाच्या पावसाळ्यापर्यंत मलाही वाटायचं, काही नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!)

आमच्या बाल्कनीसमोर बिल्डिंग उभी राहिली आणि ऊन गेलं. आजीकडे कृष्णाकाठच्या आमच्या गावच्या काटेरी वांग्याचं बी होतं, राख लावून डबीत ठेवलेलं. भावकीत आता सगळे विकतचं बी लावतात, त्यामुळे उरलं ते एवढंच. मोजून ३० बिया. त्यातल्या १० बाल्कनीत लावल्या. रोपं उजेड शोधत दोऱ्यासारखी लांब झाली आणि आडवी पडली. आजी काही बोलली नाही, डबी उचलून आत ठेवली. मग मी म्हटलं, आजी, मला दे ११ बिया.

आईचं चेनवालं कापडी कपाट घेतलं. ७० सेंमी रुंद, ४५ खोल, १५० उंच. आतून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स उलटा लावला. पांढरी बाजू उजेड छान परतवते. (नेत्यांचे हसरे चेहरे कापडाकडे.) वर दोन फुटी, १० वॅटच्या ६ एलईडी ट्यूब, रोपांपासून साधारण २० सेंमीवर.

आता लाईटचं गणित. बॉक्सवर लिहिलेले ल्यूमेन माणसाच्या डोळ्यासाठी असतात. आपला डोळा हिरव्याला भाव देतो, पण रोप ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन मोजतं. सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल फोटॉन पडले, हा खरा आकडा. तो मोजायचं मीटर महाग. पण पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की काम भागतं. मोबाईलने मधोमध १४,००० लक्स दाखवले, म्हणजे २००. रोज १४ तास धरले तर २०० × ३६०० × १४ = सुमारे १ कोटी मायक्रोमोल, म्हणजे १० मोल. कोवळ्या रोपांना एवढं पुरतं. कोपऱ्यात ९,००० लक्सच होते, म्हणून ट्रे रोज फिरवायचा. वीज दिवसाला ०.८४ युनिट. बाबांना आधी हेच सांगितलं!

खरी परीक्षा हवेची. ६० वॅटची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. आतलं तापमान खोलीपेक्षा ३ अंशांहून जास्त चढू द्यायचं नसेल तर? ६० ला हवेची घनता १.२, विशिष्ट उष्णता १००५ आणि ३ यांच्या गुणाकाराने भागा. उत्तर येतं सेकंदाला ०.०१६६ घनमीटर, म्हणजे मिनिटाला १. कपाटाचं आकारमान ०.४७. म्हणजे मिनिटाला दोनदा सगळी हवा बदलायची. थर्मोच्या पेपरात असं सरळ कधी विचारत नाहीत.

जुन्या कॉम्प्युटरचा १२० मिमीचा फॅन वर, मागच्या बाजूला लावला, हवा बाहेर फेकणारा. फरक ६ अंशांच्या खाली येईना. नीट पाहिलं तर कपाटाच्या भिंती आत ओढल्या जात होत्या. हवा बाहेर काढायला निघाले, पण आत यायला वाट कुठे ठेवली होती? खाली, समोरच्या बाजूला फॅनएवढी दोन भोकं पाडली, मच्छरदाणी लावली. फरक साडेतीनवर आला. फॅनवर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो, हे लक्षात ठेवा.

९ बिया उगवल्या. मी खूश. आणि मग पाच दिवसांत ७ रोपं बुडाशी काळी पडून कोलमडली. आजी म्हणाली, "मर लागली गं. रात्री दमट राहतंय."

मला पटेना, कारण दिवसा आर्द्रता ७० टक्केच दिसत होती. रात्री २ ला उठून चेन उघडली, तर फ्लेक्सवरून थेंब ओघळत होते! चूक माझी होती. लाईट आणि फॅन मी एकाच टायमरवर लावले होते. ३० अंशांची ७० टक्केवाली हवा २५ अंशांपर्यंत थंड झाली की तीच ९४ टक्के होते. सायक्रोमेट्रिक चार्ट काढून बघा. त्यात मातीतली वाफ, आणि फॅन बंद. मर लावणाऱ्या बुरशीला आणखी काय हवं?

फॅन टायमरवरून काढला, तो आता २४ तास चालतो. पण पावसाळ्यात बाहेरचीच हवा ९० टक्के, मग नुसत्या फॅनने काय होणार? म्हणून लाईटची वेळच उलटी केली, संध्याकाळी ६ ते सकाळी ८. २५ अंशांची ९० टक्केवाली हवा ३ अंशांनी तापली की ७५ वर येते. ट्यूबची उष्णता, जिच्याशी मी भांडत होते, तीच रात्री कामाला आली. शिवाय एक छोटा क्लिपवाला फॅन, पानं जेमतेम हलतील इतपत. त्याने देठं जाड होतात. पाणी फक्त लाईट लागल्यावर, तेही ट्रेच्या खालून. वायरी आणि अडॅप्टर कपाटाच्या बाहेर, हे मात्र विसरू नका.

डबीतल्या ९ बिया आजीने स्वतः लावल्या, मला हात लावू दिला नाही. ८ उगवल्या. आधीची २ धरून १० रोपं आहेत, चार-पाच पानांची. रविवारी काका गावी नेणार आहेत. दोन रोपं आजी बियासाठी इथेच ठेवणार म्हणते. आईला तिचं कपाट परत हवंय, तो वाद अजून चालू आहे.