जनावराचा ताप आणि शरीराचे स्वाभाविक संरक्षण

गोठ्यातील गाय सकाळी वैरणीस तोंड लावीत नाही, रवंथ थांबवते, मान टाकून एका कोपऱ्यात उभी राहते आणि तिचे अंग तापलेले असते. अशा वेळी ताप ताबडतोब उतरवावा व कसेही करून तिला खाऊ घालावे, अशी पशुपालकाची धडपड असते. परंतु ताप म्हणजेच रोग, ही समजूत बरोबर नव्हे. रोग जंतूंमुळे होतो. ताप हा बहुधा त्या जंतूंविरुद्ध शरीराने केलेला बंदोबस्त असतो. या बंदोबस्ताचे स्वरूप कळल्यास औषधाचा अपव्यय टळतो आणि प्रसंगी जनावराचा जीवही वाचतो.

हानी आणि प्रतिकार

प्राणी व रोगजंतू यांचा झगडा कोट्यवधी वर्षांचा आहे. ज्या प्राण्यांच्या शरीरात प्रतिकाराची काही योजना होती ते टिकले व त्यांचीच प्रजा पुढे वाढली. आजारपणातील लक्षणांकडे या दृष्टीने पाहावे, असे अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ जॉर्ज विल्यम्स व वैद्य रँडॉल्फ नेसी यांनी १९९१ मध्ये आग्रहाने मांडले. लक्षणे दोन प्रकारची असतात. काही लक्षणे ही जंतूंनी केलेली हानी होय. उदाहरणार्थ, लाळ-खुरकुतातील तोंडाचे व खुरांचे फोड. दुसरी लक्षणे ही शरीराने योजलेला प्रतिकार होय. ताप, खोकला, हगवण व मंदावलेली भूक ही त्यांपैकी आहेत. हानी दूर करावयाची असते. प्रतिकार मात्र विचार न करता मोडून काढावयाचा नसतो.

ताप कशासाठी?

निरोगी गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅ. असते. जंतूंचा शिरकाव होताच मेंदू ही पातळी आपणहून वर नेतो. वाढलेल्या उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते व रक्तातील संरक्षक पेशी अधिक जोमाने काम करतात. १९७४-७५ च्या सुमारास अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटातील इग्वाना जातीच्या सरड्यांवर प्रयोग केले. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब निर्माण होत नाही. तरीही जंतू टोचलेले सरडे हटकून अधिक उबदार जागी जाऊन बसले. उबेत राहिलेल्यांपैकी बरेच जगले. ज्यांना ऊब मिळू दिली नाही त्यांपैकी फार थोडे वाचले.

मात्र हा बंदोबस्त फुकटचा नसतो. तापमान १ अंश सें. ने वाढले की शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे १० टक्क्यांनी वाढतो. दूध घटते, आणि गाभण जनावर प्रसंगी गाभडते.

चारा सोडणे व सुस्ती

अमेरिकेतील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, आजारी जनावराची सुस्ती व अन्नावरची वासना उडणे हा केवळ अशक्तपणा नव्हे. तापासाठी लागणारी शक्ती राखून ठेवण्याची ती रीत आहे. याच काळात शरीर रक्तातील लोह आवरून धरते, कारण बहुतेक जंतूंना वाढीसाठी लोह लागते. म्हणून ताप असताना लोहाची टॉनिके स्वतःच्या मनाने देऊ नयेत. जबरदस्तीने नळीने पाजलेले पातळ खाद्य फुप्फुसात जाऊन जनावर दगावण्याचाही धोका असतो.

राखणदाराचा न्याय

शरीराचा प्रतिकार कधी कधी गरजेपेक्षा अधिक का होतो? माळ्यावरचा राखणदार पान हलले तरी गोफण फिरवतो. दहा वेळा दगड वाया गेला तरी नुकसान थोडे. एकदा गाफील राहिल्यास मात्र कणसे जातात. शरीरही असाच हिशेब करते. म्हणूनच काही वेळा ताप थोडा उतरविल्याने बिघडत नाही. पण ते केव्हा, हे पशुवैद्यकाने ठरवावयाचे असते.

देशी व संकरित

भारतीय वशिंडाच्या गुरांचा गोचिडांशी हजारो वर्षांचा संबंध आहे. त्यामुळे डांगी, खिल्लार, देवणी यांसारख्या जातींच्या अंगावर गोचिडे कमी टिकतात व गोचीडताप बहुधा सौम्य जातो. युरोपीय जातींच्या पूर्वजांना ही झुंज द्यावी लागली नाही. म्हणून संकरित गाय याच तापाने लवकर दगावते. संकरित जनावर पाळणाराने गोचीड-निर्मूलनाकडे अधिक लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

वासराचे उसने संरक्षण

गाईच्या वारेतून संरक्षक द्रव्ये वासरास मिळत नाहीत. ती चिकातून मिळतात. वासराचे आतडे ही द्रव्ये जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच उत्तम शोषते, आणि २४ तासांनंतर हा मार्ग जवळजवळ बंद होतो. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही जुनी समजूत म्हणूनच घातक आहे.

औषधांचा अविचार

जंतूंचीही उत्क्रांती होते, आणि ती फार वेगाने होते. प्रतिजैविक औषध अपुरे किंवा अकारण दिल्यास त्याला दाद न देणारे जंतूच मागे उरतात व वाढतात. ताप-वेदनाशामकांचा अविचार किती दूरवर पोहोचतो, याचा पुरावा गिधाडांनी दिला आहे. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अ‍ॅसिक्लोफेनॅक यांवरही ती घालण्यात आली.

पशुपालकांनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. गोठ्यात तापमापक ठेवावा व तापाची वेळवार नोंद करावी.

२. आजारी जनावर वेगळे, सावलीत व कोरड्या जागी बांधावे. स्वच्छ पाणी व थोडा कोवळा चारा समोर ठेवावा; सक्ती करू नये.

३. तिव्यासारखा ताप बहुधा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतो. तरीही निदान पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

४. ताप १०५ अंशांच्या वर गेल्यास, घसा सुजून घरघर लागल्यास किंवा फऱ्यावर सूज येऊन ती दाबल्यास करकर वाजल्यास क्षणाचाही विलंब करू नये. घटसर्प व फऱ्या हे रोग एक-दोन दिवसांतच प्राण घेतात. तेथे शरीराच्या प्रतिकारावर विसंबून चालत नाही.

५. हगवण लागलेल्या वासरास क्षार-साखरेचे पाणी वारंवार पाजावे. वासरू बहुधा शरीरातील पाणी आटल्याने मरते.

६. वासरास जन्मानंतर दोन तासांच्या आत चीक पाजावा.

७. घटसर्प, फऱ्या व लाळ-खुरकुत यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. लस म्हणजे शरीराच्या राखणदारास शत्रूची ओळख आधीच करून देणे होय.

निसर्गाने दिलेले संरक्षण मोठे असले तरी ते सर्वसमर्थ नाही. जेथे ते पुरेसे आहे तेथे त्याच्या आड न येणे, आणि जेथे ते अपुरे पडते तेथे वेळेवर उपचार करणे, यातच पशुपालकाचे हित आहे.