मुक्या जिवांचे दंतारोग्य

बालरोगतज्ज्ञाने कुत्र्या-मांजरांच्या दातांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्याला आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही, अशा रुग्णाशी आमचा नित्याचाच संबंध असतो. शिवाय हल्ली अनेक घरांत कुत्रा वा मांजर मुलांच्या बरोबरीने वाढते आणि बाळाच्या लसीकरणासाठी आलेले पालक जाता जाता त्याच्याविषयीही विचारून घेतात. उपचार हा पशुवैद्यकांचा प्रांत आहे. घरच्या माणसांनी काय करावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, एवढ्यापुरतीच प्रस्तुत लेखाची मर्यादा आहे.

दातांची घडण

माणसाला दुधाचे २० व कायमचे ३२ दात असतात. कुत्र्याला हेच दात अनुक्रमे २८ व ४२, तर मांजराला २६ व ३० असतात. पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुधा सर्व कायमचे दात आलेले असतात. अक्कलदाढा वगळल्यास ज्या स्थित्यंतराला मुलाला बारा-तेरा वर्षे लागतात, ते येथे अर्ध्या वर्षात उरकते. म्हणून याच काळात पिल्लाच्या तोंडात वरचेवर डोकावले पाहिजे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत दुधाचा सुळा न पडताच शेजारी कायमचा सुळा उगवतो. दोहोंच्या फटीत अन्न अडकते व हिरडी सडते. असा दात वेळीच काढून घ्यावा.

बालरोगशास्त्रातील दोन गोष्टी येथेही लागू पडतात. गर्भारपणी मादीला अथवा वाढत्या वयात पिल्लाला टेट्रासायक्लिन दिल्यास दात कायमचे पिवळे पडतात. तसेच कायमचे दात घडत असताना डिस्टेंपर झाला, तर त्यातून वाचलेल्या पिल्लाच्या दातांवरील एनॅमल खडबडीत व अपुरे राहते. लसीकरण दातांचेही रक्षण करते ते असे.

खरा रोग हिरड्यांचा

मुलांचे दात किडतात. कुत्र्यांत ही कीड क्वचित आढळते आणि मांजरांत जवळजवळ नाहीच. त्यांचा मुख्य रोग हिरड्यांचा आहे. खाल्ल्यानंतर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट थर बसू लागतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षार त्यात साठून दोन-तीन दिवसांत कीटण बनू लागते. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा अधिक अल्कधर्मी असल्याने ही क्रिया तेथे वेगाने घडते. पुढे जंतू हिरडीखाली उतरतात, दाताभोवतीचे हाड झिजते व दात हलू लागतो. लहान जातींत तर खालचा जबडा इतका दुबळा होतो की किरकोळ आघातानेही मोडतो. तीन वर्षांच्या वयापर्यंत बहुसंख्य कुत्र्या-मांजरांत या रोगाची काही ना काही लक्षणे दिसतात. मांजरांना आणखी एक व्याधी जडते. तीत दाताचा कठीण भाग हिरडीच्या कडेपासून आतून विरघळत जातो. ही व्याधी अतिशय वेदनादायक असून असा दात बहुधा काढावाच लागतो.

‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ हा समज सोडून द्यावा. निरोगी तोंडाला घाण वास येत नाही. दुर्गंधी हेच रोगाचे पहिले लक्षण होय. एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, पंजाने तोंड खाजवणे, मांजराने अंग चाटून स्वच्छ करणे सोडून देणे, डोळ्याखाली अचानक सूज येणे ही इतर लक्षणे. डोळ्याखालची सूज पुष्कळदा वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेल्या गळवाची असते. ‘खातोय ना, मग दुखत नसेल’ असे मानू नये. हे प्राणी पराकोटीच्या वेदनेतही खात राहतात. आणि ज्याचे तोंड ठणकते आहे, असा शांत कुत्राही गालाला हात लावणाऱ्या मुलाच्या अंगावर धावू शकतो.

रोज काय करावे

सर्वांत परिणामकारक उपाय साधा आहे, तो म्हणजे रोज दात घासणे. पिल्लू लहान असतानाच सवय लावावी. पहिले काही दिवस नुसते ओठ उचलून पाहावे व शाबासकी द्यावी. मग बोटाला ओले गॉज गुंडाळून दात पुसावेत आणि त्यानंतर तान्ह्या मुलांचा मऊ ब्रश वापरावा. दातांची बाहेरची बाजू घासली तरी बरेचसे काम होते. एक मिनिट पुरते, मात्र त्यात खंड नसावा. हे काम मोठ्या माणसानेच करावे. चघळण्याच्या वस्तू व विशेष खाद्य यांचा थोडाफार उपयोग होतो. १९९७ साली अमेरिकेत स्थापन झालेली व्हेटरिनरी ओरल हेल्थ कौन्सिल कसोटीस उतरलेल्या वस्तूंना मान्यताचिन्ह देते. ते पाहून खरेदी करावी.

काय करू नये

आपली टूथपेस्ट वापरू नये. प्राण्याला चूळ भरता येत नाही, तो ती गिळतो. तीतील फ्लोराइड पोटात जाते. काही पेस्टमध्ये झायलिटॉल असते. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने उतरते व यकृतही निकामी होऊ शकते. त्यांच्यासाठी निराळी पेस्ट मिळते. ती नसेल तर नुसते पाणी बरे.

हाडे वा दगडासारख्या कठीण वस्तू चघळायला देऊ नयेत. त्यांनी दाढेचा टवका उडतो. नखाने दाबून खळगा पडत नसेल, तर वस्तू अती कठीण समजावी.

मुलांच्या औषधांच्या पेटीतील वेदनाशामके कदापि देऊ नयेत. आपल्या यकृतातील ज्या प्रक्रियेने पॅरासिटामॉलचा निचरा होतो, ती मांजरात अत्यंत दुर्बल असते. परिणामी मेथेमोग्लोबिन तयार होऊन रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडांना इजा होते.

साचलेले कीटण घरी खरवडू नये. भूल न देता केलेल्या सफाईने दात पांढरे दिसतात, पण हिरडीखालचा रोग तसाच राहतो. खरी सफाई पूर्ण भुलेखाली पशुवैद्यकाकडूनच व्हावी. आम्हां इंदूरकरांना महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

एक गंभीर इशारा

जबडा उघडा राहिला आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, अशा कुत्र्याच्या घशात हाड अडकले असावे असे समजून लोक तोंडात हात घालतात. रेबीजच्या एका प्रकारात जबड्याचे व घशाचे स्नायू लुळे पडून नेमके हेच चित्र दिसते. तेव्हा हात घालू नये, मुलांना दूर ठेवावे व पशुवैद्यकास बोलवावे. लाळ जखमेला, ओरखड्याला, डोळ्यांना वा तोंडाला लागली असेल, तर ते प्राण्याला ‘लागलेले’ असो वा नसो, आपल्या दृष्टीने ती आणीबाणीच होय. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, डोळे व तोंड भरपूर पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. घरच्या प्राण्याचे रेबीजविरोधी लसीकरण नियमित असणे ही दात घासण्याचीही पूर्वअट समजावी.

आपल्या सभासदांना एक विनंती आहे. बाळाच्या तपासणीच्या वेळी घरात प्राणी आहे का, हे विचारण्याचा प्रघात ठेवावा. असल्यास त्याची लस झाली आहे का आणि त्याच्या तोंडाला वास येतो का, हे दोन प्रश्न पुढे जोडावेत. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही. एका मुक्या जिवाची वेदना त्यामुळे टळेल, आणि त्याच्याशी खेळणारे मूलही अधिक सुरक्षित राहील.