गाडी किती डिझेल खाते? आधी वहीत लिहू, मग बोलू

मैत्रिणींनो, आपल्या काही गटांनी आता माल नेण्यासाठी स्वतःची गाडी घेतली आहे. कुणाचा छोटा हत्ती, कुणाची पिकअप. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, चंदगडचा काजू, गुळाच्या ढेपा, मसाला, पापड असा माल कोल्हापुरात प्रदर्शनाला किंवा शाहू मार्केट यार्डात न्यायचा, आणि मधल्या दिवसांत गावातलं भाडं मारायचं. हप्ता भरायचा असतो, विमा असतो, टायर झिजतात. पण मासिक बैठकीत सगळ्यात जास्त कुजबुज होते ती एका ओळीवर : "डिझेल खर्च".

त्या ओळीपुढं मोठा आकडा आला की कुणीतरी म्हणतं, "गाडी लई खातीया बाई." मग चार नजरा ड्रायव्हरकडे वळतात. ड्रायव्हर बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या सदस्येचा नवरा, मुलगा किंवा दीर असतो. तोंडावर कुणी बोलत नाही, पाठीमागं बोलतात. गटात फूट पडायला एवढंही पुरतं. खरं म्हणजे गाडी लई खाते की बरोबर खाते हे त्या बैठकीत कुणालाच माहीत नसतं, कारण कुणी मोजलेलंच नसतं. म्हणून या अंकाचा पाठ मोजण्याचा. चौथीचं गणित येत असेल तर जमतं.

टाकी फुल ते टाकी फुल

"हजाराचं डिझेल टाकलं, सोमवार ते बुधवार गेलं" हे मोजणं नव्हे. भाव बदलतो, रस्ता बदलतो, आणि टाकीत आधी किती होतं ते ठाऊक नसतं. काट्यावर भरवसा ठेवू नका. काटा अंदाज दाखवतो, माप दाखवत नाही.

खरी रीत अशी. एक दिवस टाकी फुल करायची आणि मीटरवर किती किलोमीटर झालेत ते लिहायचं. समजा ३ तारखेला मीटर ४१,२६० होतं. गाडी नेहमीसारखी चालवायची. ९ तारखेला पुन्हा टाकी फुल केली, मीटर ४१,६७४ आणि डिझेल बसलं २७.६ लिटर. गाडी धावली ४१,६७४ वजा ४१,२६०, म्हणजे ४१४ किलोमीटर. ४१४ भागिले २७.६ केलं की १५. लिटरला १५ किलोमीटर, हे झालं गाडीचं ॲव्हरेज.

इथं बऱ्याच जणींचा गोंधळ होतो तो पहिल्या दिवसाच्या डिझेलवरून. ते हिशोबात धरायचं नाही. ते टाकी भरण्यापुरतं होतं. ३ तारखेनंतर जे जळलं तेच ९ तारखेला भरून निघालं, म्हणून फक्त दुसऱ्या वेळचे लिटर घ्यायचे. मधे कुणी पाचशेचं टाकलं असेल तर ते लिटर मात्र मिळवायचे.

दोन्ही वेळा शक्यतो एकच पंप घ्या. गाडी सपाट जागी उभी करा. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबा, राऊंड फिगर करायला वरून ओतू नका. सहा लिटर भरताना अर्ध्या लिटरचा फरक पडला तर हिशोब आठ टक्क्यांनी चुकतो. अठ्ठावीस लिटर भरताना तेवढाच फरक पडला तर दोन टक्क्यांच्या आत राहतो. म्हणून निम्म्याहून जास्त टाकी रिकामी झाल्यावरच मोजा.

आणखी एक खाच आहे. एकदा १५ आलं, दुसऱ्या वेळी १८० किलोमीटरला १५ लिटर लागले म्हणून १२ आलं. दोन्हींची सरासरी साडेतेरा, असं लिहायचं नाही. किलोमीटर एकत्र करा, लिटर एकत्र करा : ५९४ भागिले ४२.६, म्हणजे जवळजवळ १४. महिन्याचा आकडा नेहमी असाच काढा.

मीटर बरोबर चालतंय का हेही एकदा बघून घ्या. टायर मूळच्यापेक्षा वेगळ्या मापाचे बसवले असतील तर मीटर कमीजास्त दाखवतं. महामार्गावर किलोमीटरचे दगड असतात, दहा दगड मोजले की कळतं.

वहीत काय लिहायचं

तारीख, मीटर, लिटर, रुपये, टाकी फुल झाली की नाही. एवढं सगळेच लिहितात. आणखी दोन रकाने मात्र हवेतच : रस्ता कुठला, आणि ओझं किती. पुलाची शिरोली ते कोल्हापूर रिकामी गेलेली गाडी आणि सहाशे किलो घेऊन गगनबावड्याचा चढ चढलेली गाडी यांची तुलना करायची नाही. तसं केलं तर ड्रायव्हरवर अन्याय होतो. पावसाळ्यात, ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते तेव्हा, आकडा थोडा उतरणारच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच बंद झाला होता. अशा दिवसांत गाडी लांबून फिरून येते, डिझेल जास्त लागतं, पण ॲव्हरेज तेवढंच राहू शकतं. म्हणून किलोमीटर आणि लिटर दोन्ही लिहिलेले असले की उत्तर वहीच देते.

वही ड्रायव्हरदादांनी लिहायची, बिलं सचिवताईंनी ताडून बघायची आणि महिन्याला बैठकीत वाचायची. बिलावर रुपये असतात तसे लिटरही असतात, ते बघा. पंपावर मापाबद्दल शंका आली तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं. ते पंपावर ठेवावंच लागतं, आणि त्यात पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. ५०० ऐवजी ५१० चं टाका म्हणजे पंपवाला फसवत नाही, किंवा पहाटे डिझेल थंड असतं म्हणून जास्त येतं, अशा गोष्टी आपण ऐकतो. पंपाची टाकी जमिनीत असते, तिथं सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचत नाही. मीटर शून्यावर आहे ना हे बघणं जास्त उपयोगाचं.

एका किलोमीटरचे किती, एका किलोचे किती

हिशोबाला सोपं म्हणून डिझेल ९० रुपये लिटर धरू. १५ चं ॲव्हरेज असेल तर किलोमीटरला ६ रुपये. १२ वर आलं तर साडेसात. महिन्याला गाडी दोन हजार किलोमीटर फिरत असेल तर १२,००० आणि १५,००० असा फरक. तीन हजार रुपये! आपल्या काही गटांत दहा जणींची महिन्याची बचतसुद्धा एवढी होत नाही.

पण नुसतं ॲव्हरेज बघून खूश किंवा नाराज होऊ नका. एक उदाहरण घेऊ. गावापासून कोल्हापूर ५० किलोमीटर. जाताना ६०० किलो माल, लिटरला १३ किलोमीटर. येताना रिकामी, लिटरला १७. दोन्ही मिळून डिझेल लागलं ६.८ लिटर, साधारण ६११ रुपये. किलोला एक रुपया दोन पैसे पडले.

आता त्याच खेपेला परत येताना ४०० किलो पशुखाद्य किंवा किराणा आणला. येतानाचं ॲव्हरेज १४ वर घसरलं. एकूण ७.४ लिटर, ६६८ रुपये. पण माल झाला एक हजार किलो, म्हणजे किलोला ६७ पैसे. वहीत ॲव्हरेज पावणेपंधरावरून साडेतेरावर आलेलं दिसेल, आणि कुणीतरी म्हणेलच की गाडी बिघडली. गाडी बिघडली नाही, उलट गटाचा फायदा झाला. माझ्या मते डिझेल वाचवायचा पहिला उपाय गॅरेजमध्ये नाहीच. रिकामी परतणारी गाडी भरून आणणं हा तो उपाय आहे. आदल्या दिवशी शेजारच्या चार गटांना फोन केला तरी काम होतं. फक्त आरसी बुकात लिहिलेल्या वजनाच्या वर जाऊ नका. दंड तर होतोच, टायर आणि पाटेही जातात.

ॲव्हरेज खरंच उतरलं तर

एकाच रस्त्यावर, तेवढंच ओझं असताना, लागोपाठ तीन वेळा आकडा दहा टक्क्यांनी कमी आला तर गाडीकडे बघायची वेळ आली. आधी टायरची हवा. ती सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. किती हवी ते दाराजवळच्या पट्टीवर किंवा कंपनीच्या पुस्तकात असतं, आणि माल भरल्यावर मागच्या टायरना जास्त लागते. हवा कमी असली की टायर जमिनीला चिकटल्यासारखा चालतो, तो ओढायला डिझेल जातं.

मग ब्रेक. सपाट रस्त्यावरून आल्यावर एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं जाणवलं तर तिथला ब्रेक धरून राहतोय. सायकलचा ब्रेक घासत असला की पायात कसे गोळे येतात, तसंच आहे हे. घाट उतरून आल्यावर मात्र ही परीक्षा घेऊ नका, तेव्हा सगळीच चाकं तापलेली असतात, हात पोळेल.

त्यानंतर एअर फिल्टर. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा मारला की ते पेटतं. म्हणजे हवा पुरेशी हवी आणि फवारा बारीक हवा. चूल फुंकणीशिवाय धुमसते तसं इंजिनाचं होतं. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणंदीची धूळ एवढी असते की फिल्टर पुस्तकात सांगितलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. जुनी गाडी काळा धूर सोडायला लागली तर फिल्टर आणि नोझल दोन्ही दाखवा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते, त्यामुळं धूर दिसत नाही. पण गाडी नुसती गावातल्या गावात फिरली तर ती जाळी भरते, आणि साफ होताना जास्तीचं डिझेल जळतं. समोर त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नका, कंपनीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून आणा.

टाकीत टाकायच्या पुड्या, पाईपला बांधायचे लोहचुंबक, "वीस टक्के वाचवा" म्हणून जत्रेत विकतात ते सगळं सोडून द्या. त्या पैशात एअर फिल्टर येतो.

चालवण्याची सवय हा मोठा भाग. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग ठेवायला सांगते. हायवेला ऐंशीनं पळवली की वारा कापायलाच डिझेल जातं. क्लचवर पाय ठेवून चालवणं, जोरात पळवून जोरात ब्रेक मारणं, हे टाळायचं. माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय तर फार आहे. लहान डिझेल इंजिन उभ्या उभ्या तासाला साधारण अर्धा लिटर पितं. रोज वीस मिनिटं धरली तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत चार लिटर, म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये.

आणि घाट. करूळ, फोंडा, आंबा, आंबोली, आपल्याकडं कुठंही जा, उतार आहेच. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली की डिझेल वाचतं असं कित्येक ड्रायव्हर मानतात. ते चुकीचंही आहे आणि जीवघेणंही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल पीत राहतं. वर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली वळणावर लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते बरोबर आहे. हा मुद्दा बैठकीत ड्रायव्हरदादांना बोलावून सगळ्यांसमोर नक्की बोला.

एवढं सगळं बघूनही आकडा जुळत नसेल, तर मग टाकी, पाईप गळतात का, बिलं आणि वही जुळतात का, आणि शेवटी माणसाशी बोलणं. हाच क्रम ठेवा, उलटा नको.

भाव वाढला की भाडं किती वाढवायचं

कागलच्या बाजूचे गट विचारतात, पलीकडं कर्नाटकात भाव कमी असेल तर तिकडं जाऊन भरावं का? गाडी तशीही निपाणीला जात असेल तर जरूर. मुद्दाम दहा किलोमीटर जाऊन दहा परत यायचं असेल तर १५ च्या ॲव्हरेजनं १२० रुपयांचं डिझेल जातं. लिटरला तीन रुपये वाचले आणि तीस लिटर भरलं तरी ९० रुपयेच वाचतात. टोल लागला तर तो वेगळा.

भाड्याचंही तसंच. डिझेल तीन रुपयांनी वाढलं की लगेच "खेपेला दोनशे वाढवून द्या" अशी मागणी येते, कधी आपल्या गाडीची, कधी बाहेरच्या. वही असेल तर उत्तर जागेवर देता येतं. तीन भागिले १५, म्हणजे किलोमीटरला २० पैसे. शंभर किलोमीटरच्या खेपेला २० रुपये. टायर, ऑइल, विमा, हप्ता महागला असेल तर त्याची बिलं आणून वेगळं बोलू. डिझेलच्या नावावर मात्र वीसच.