निम्म्याचं निम्मं, तरी शून्य नाही

मेसमधली डाळ आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पातेल्यातली निम्मी काढायची, तेवढंच पाणी ओतायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवड्याभरात नुसतं पाणी दिसायला लागतं, पण गणिताने डाळ काही शून्य होत नाही. प्राण्यांच्या संकरातही असंच एक गणित आहे. त्याला बॅकक्रॉस म्हणतात. संकरित प्राण्याचं मीलन मूळच्या दोन जातींपैकी एकीशी करायचं, आणि पुढच्या प्रत्येक पिढीतही तेच करत राहायचं.

सगळ्याच संकरांना हे जमत नाही. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२. खेचराच्या वाट्याला येतात ६३. जोड्या नीट जुळत नाहीत, म्हणून खेचर जवळजवळ नेहमीच वांझ. गोष्ट एका पिढीत खलास!

अमेरिकन बायसन आणि गाय यांची गुणसूत्रं मात्र सारखीच, ६०. (आपल्या राधानगरीच्या गव्यालाही लोक बायसन म्हणतात, पण तो प्राणी वेगळा.) त्यांच्या पहिल्या पिढीतले नर वांझ निघतात, माद्यांना मात्र वासरं होतात. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२२ मध्ये हा नियम सांगितला : संकरात एकच लिंग वांझ असेल, तर ते बहुधा दोन वेगवेगळी लिंगगुणसूत्रं असलेलं असतं. सस्तन प्राण्यांत ते म्हणजे नर. हे हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

आता गोष्ट अशी. १८८० च्या दशकाअखेर बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत बायसन हजाराच्या आत आले. थोड्याशा पशुपालकांनी उरलेले कळप सांभाळले. त्यांच्यातल्याच काहींनी, उदाहरणार्थ टेक्सासच्या चार्ल्स गुडनाइट यांनी, कडाक्याच्या थंडीत टिकणारी गुरं मिळावीत म्हणून बायसनचा गायींशी संकर केला. धंदा काही जमला नाही. पण संकरित माद्यांची पिल्लावळ बायसनच्या कळपांत मिसळत गेली. म्हणजे बॅकक्रॉस सुरू!

हिशोब करून बघा. पहिल्या पिढीत गायीचा वाटा ५० टक्के, मग २५, १२.५, ६.२५... 'न' वेळा बॅकक्रॉस केला, तर उरतो १/२ चा (न+१) वा घात. सातव्या वेळी ०.४ टक्क्यांहूनही कमी. अर्थात ही सरासरी झाली. डीएनए डाळीसारखा पातळ होत नाही, तो बटाट्याच्या फोडींसारखा तुकड्यांनी जातो. एखादी फोड लगेच निघून जाते, एखादी पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते.

आणि एक फोड तर या गणितात बसतच नाही. मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीचं पॉवरहाउस! त्याचा डीएनए फक्त आईकडून येतो. सुरुवातीची आई गाय असेल, तर तिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्यांना शंभर वर्षं बायसनचेच नर दिले तरी तो गायीचाच राहणार. प्राणी दिसायला अस्सल बायसन, इंजिन मात्र गायीचं. २०१२ च्या एका अभ्यासात असे बायसन वजनाने कमी भरले. २०२२ च्या अभ्यासात तर तपासलेल्या सगळ्या कळपांत, यलोस्टोनसुद्धा, गायीच्या डीएनएचे थोडे का होईना अंश सापडले.

मग असे प्राणी 'भेसळ' म्हणून काढून टाकायचे? तसं केलं तर बायसनच उरणार नाहीत. ते राहिले पाहिजेत, फक्त नवी मिसळ होऊ द्यायची नाही.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. पुण्याजवळच्या माळरानावर वेगळ्याच रंगाचा एक प्राणी दिसला. तो लांडगा आणि कुत्रा यांचा संकर असल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं आणि २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. लांडगा आणि कुत्रा दोघांची गुणसूत्रं ७८, त्यांची पिल्लं वांझ नसतात. म्हणजे इथेही बॅकक्रॉसची वाट मोकळी. भारतात लांडगे उरलेत अंदाजे ३,१०० आणि भटकी कुत्री तर मोजता येणार नाहीत इतकी. तेव्हा हॉस्टेलमागे उष्टं फेकून कुत्र्यांची फौज पोसताना एवढं ध्यानात ठेवा : मिसळायला एक पिढी पुरते, निवळायला शंभर वर्षंही पुरत नाहीत.